‘बायकांनीच बाईला पाडले’ हे हिशोबात बसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागल्यापासून वाहिन्यांवरच्या चर्चांत, वृत्तपत्रांतल्या स्फुटांत आणि आमच्या सोसायटीतल्या बाकांवरही एक वाक्य मी सतत ऐकत आले आहे: ‘कमला हॅरिस यांना बायकांनीच पाडले.’ आपल्या दैनिकातील अमेरिकाविषयक मजकुरातही हा सूर अधूनमधून डोकावतो. ‘बाईच बाईची वैरी’ ही आपल्याकडची जुनी समजूत या वाक्याला आयती मिळते, म्हणून ते चटकन पटते आणि कुणी तपासून पाहत नाही. मी तीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आणि त्या निवडणुकीच्या वेळी मी लेकीकडे पेनसिल्व्हेनियात होते. या दोन कारणांनी हे पत्र लिहावेसे वाटले. ते नेहमीच्या पत्रांपेक्षा लांबले आहे, पण शक्य झाल्यास न कापता छापावे, अशी विनंती आहे.

आधी साधा हिशोब मांडते. त्या निवडणुकीच्या राष्ट्रीय एक्झिट पोलनुसार मतदारांमध्ये महिला ५३ टक्के आणि पुरुष ४७ टक्के होते. महिलांपैकी ५३ टक्क्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या हॅरिस यांना आणि ४५ टक्क्यांनी रिपब्लिकन पक्षाच्या ट्रम्प यांना मत दिले. पुरुषांपैकी ५५ टक्के ट्रम्प यांच्याकडे गेले आणि ४३ टक्के हॅरिस यांच्याकडे. आता एक हजार मतदार डोळ्यांपुढे आणावेत. त्यातल्या ५३० महिलांची सुमारे २८१ मते हॅरिस यांना आणि २३९ ट्रम्प यांना पडतात. उरलेल्या ४७० पुरुषांची सुमारे २०२ मते हॅरिस यांना आणि २५८ ट्रम्प यांना. बेरीज केली तर हॅरिस ४८३ आणि ट्रम्प ४९७, आणि प्रत्यक्ष निकालात त्यांना अनुक्रमे ४८.३ आणि ४९.८ टक्के मते मिळाली, म्हणजे हिशोब जवळपास तंतोतंत जुळतो. महिलांनी हॅरिस यांना हजारामागे ४२ मतांची आघाडी मिळवून दिली आणि पुरुषांनी ५६ मतांची पिछाडी. तेव्हा हॅरिस यांना कुणी पाडले असे विचारायचेच असेल, तर उत्तर पुरुषांच्या रकान्यात आहे. तरीही निकालानंतर ‘बायकांनी असे का केले’ यावर पानेच्या पाने भरली आणि ‘पुरुषांनी असे का केले’ हा प्रश्न आपल्याकडे तरी फारसा कुणी विचारला नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

हा समज ज्या आकड्यावर उभा आहे तो आकडा खोटा नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच एक्झिट पोलमध्ये गोऱ्या महिलांपैकी सुमारे ५३ टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिल्याचे दिसते, आणि गोऱ्या महिला हा तिथल्या मतदारांतला फार मोठा गट असल्याने त्याचे मथळे झाले. मात्र त्याच तक्त्यात, शेजारच्याच रकान्यात गोऱ्या पुरुषांचा आकडा होता, सुमारे ६० टक्के. कृष्णवर्णीय मतदारांकडे पाहिले तर दहांपैकी नऊहून अधिक महिलांनी हॅरिस यांना मत दिले, तर पुरुषांत हे प्रमाण चारांत तीनपेक्षा थोडेसेच जास्त होते. हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी किंवा स्पॅनिश वंशाच्या, महिलांचा कौल स्पष्टपणे हॅरिस यांच्या बाजूने होता, तर हिस्पॅनिक पुरुषांमध्ये ट्रम्प यांनी २०२० च्या तुलनेत मोठी मुसंडी मारली. गट कोणताही घ्या, त्या गटातली बाई तिच्याच गटातल्या पुरुषापेक्षा डेमोक्रॅटिक पक्षाच्या जवळ उभी असते. अमेरिकेत ज्याला ‘जेंडर गॅप’ म्हणतात तो हाच फरक. तो दोन जणांमधला फरक असल्यामुळे एकट्या बाईकडे पाहून मोजता येत नाही. शिवाय गोरी बाई आणि कृष्णवर्णीय बाई यांच्या मतांतले अंतर हे गोरी बाई आणि गोरा पुरुष यांच्यातल्या अंतराच्या कितीतरी पट आहे. ज्या देशात वंशाची रेघ इतकी खोल आहे, तिथे ‘महिला मतदार’ नावाची एकगठ्ठा मतपेढी शोधायला निघणे हेच मुळात चुकते.

ही रेघ इतकी खोल का, ते मताधिकाराच्या इतिहासातच दिसते. अमेरिकेच्या राज्यघटनेतील एकोणिसाव्या दुरुस्तीने मतदानाच्या हक्कात लिंगावरून भेद करण्यास बंदी केली. ती लागू होण्यासाठी ३६ राज्यांची मान्यता हवी होती आणि छत्तिसावे राज्य ठरले टेनेसी, १८ ऑगस्ट १९२० रोजी. तिथल्या प्रतिनिधिगृहात अटीतटीची स्थिती असताना हॅरी बर्न या अवघ्या २४ वर्षांच्या सदस्याने आधीचा पवित्रा सोडून दुरुस्तीच्या बाजूने मत दिले. त्याच्या खिशात आईचे पत्र होते, ‘मताधिकाराच्या बाजूने मत दे’ असे सांगणारे. ही गोष्ट मी विद्यार्थिनींना अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी ती त्यांना भावली आहे. पण ती तिथेच थांबवली तर अर्धीच राहते. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय बाईला तो हक्क त्यानंतरही पंचेचाळीस वर्षे बहुतांशी कागदावरच मिळत होता. मतदार म्हणून नाव नोंदवायला जाणाऱ्यांची वाचनाची परीक्षा घेतली जाई, कर मागितला जाई, नोकरीवरून काढले जाई आणि वेळ पडल्यास मारहाणही होई. मिसिसिपीतील शेतमजूर फॅनी लू हेमर यांनी १९६४ मध्ये अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, आपल्याला तुरुंगात कसे मारले गेले ते सर्व देशासमोर सांगितले. असे अडथळे मोडणारा मतदान हक्क कायदा झाला १९६५ मध्ये. ज्या दोन स्त्रियांच्या हाती मतपत्रिका इतक्या वेगळ्या वाटांनी आली, त्यांनी ती एकाच कारणासाठी वापरावी, ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो?

अमेरिकेतील स्त्रियांविषयी मराठीत बारकाईने लिहिण्याची सुरुवात फार जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या आणि परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी तिथल्या समाजस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले, त्यात स्त्रियांच्या स्थितीचा स्वतंत्र विचार आहे. त्या वेळी वायोमिंगसारख्या अगदी मोजक्या ठिकाणीच तिथल्या बायकांना पूर्ण मताधिकार होता. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठी वाचकाला जो तपशील मिळत होता, तो आज एका वाक्यावर यावा, याचे मला वाईट वाटते.

जेंडर गॅप मुळात कधीपासून आहे, याविषयीही बराच गैरसमज आढळतो. अमेरिकन स्त्रिया पहिल्यापासूनच डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेल्या होत्या असे नाही. १९५० च्या दशकात, आयझेनहॉवर यांच्या दोन्ही निवडणुकांत, बायकांचा कल पुरुषांपेक्षा थोडा अधिक रिपब्लिकन होता. १९७६ मध्ये कार्टर आणि फोर्ड यांच्या लढतीत स्त्री-पुरुषांच्या मतांत फरक जवळपास नव्हताच. तो ठळकपणे दिसला १९८० मध्ये, जेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या रेगन यांना पुरुषांची ५५ टक्के आणि महिलांची ४७ टक्के मते मिळाली. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाने, १९४० पासून आपल्या जाहीरनाम्यात असलेला, स्त्री-पुरुषांना कायद्याने समान हक्क देऊ पाहणाऱ्या प्रस्तावित ‘समान हक्क’ घटनादुरुस्तीचा पाठिंबा काढून घेतला होता. त्यामुळे दुखावलेल्या बायका पक्ष सोडून गेल्या, असे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले. महिला संघटनांनीही ते उचलून धरले, कारण त्यांना आपल्या मतांचे वजन दाखवायचे होते, आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु त्या दुरुस्तीबाबत स्त्रिया आणि पुरुष यांच्या मतांत फारसा फरक नव्हता. अभ्यासकांनी पुढे अनेक वर्षांची आकडेवारी लावून पाहिली, तेव्हा बायका पक्षनिष्ठेच्या बाबतीत बऱ्याच अंशी होत्या तिथेच असल्याचे आणि पुरुष, त्यातही दक्षिणेतले गोरे पुरुष, मोठ्या संख्येने डेमोक्रॅटिक पक्षातून रिपब्लिकन पक्षाकडे सरकल्याचे आढळले. वंशभेदाला बंदी करणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर सुरू झालेली ही हालचाल रेगन यांच्या काळात पक्की झाली. दोन माणसे शेजारी उभी असताना त्यांतला एक चार पावले बाजूला गेला, तर अंतर पडते ते त्याच्या चालण्यामुळे. आपण मात्र जागेवर उभ्या असलेल्या बाईलाच ‘तू दूर का गेलीस’ म्हणून विचारत राहिलो.

बायका जागेवर का राहिल्या, याची कारणे बरीचशी घरखर्चाची आणि नोकरीची आहेत. शाळांत, रुग्णालयांत आणि सरकारी सेवांत काम करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, त्यामुळे सरकारी खर्चाला कात्री लागली की ती त्यांना दोन्हीकडून लागते, पगारातही आणि मिळणाऱ्या सेवेतही. घटस्फोटांचे प्रमाण वाढल्यावर एकटीने मुले वाढवणाऱ्या बायकांची संख्या वाढली. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, त्यामुळे म्हातारपणीच्या सोशल सिक्युरिटी निवृत्तिवेतनावर आणि मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यावर त्यांना अधिक वर्षे काढावी लागतात. याच्या जोडीला, बंदुकांवरील नियंत्रण आणि लष्करी बळाचा वापर या प्रश्नांवर स्त्रिया आणि पुरुष यांच्या उत्तरांत दीर्घकाळ आणि सातत्याने फरक दिसत आला आहे.

उमेदवार बाई असली की बायका आपोआप तिच्यामागे जातात, हे गृहीतकही तपासून घ्यावे. १९८४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने जेराल्डिन फेरारो यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. एखाद्या मोठ्या पक्षाने या पदासाठी बाईला उभे करण्याची ती पहिलीच वेळ, आणि तरी बहुसंख्य महिलांनी रेगन यांनाच मत दिले. २००८ मध्ये रिपब्लिकन पक्षाने याच पदासाठी सारा पेलिन यांना उभे केले, तेव्हा ५६ टक्के महिलांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामा यांना पसंती दिली. मतदार बाई आधी पक्ष पाहते, प्रश्न पाहते, स्वतःचे घर पाहते. पुरुष मतदारही हेच करतो, पण त्याच्याकडून कुणी पुरुष उमेदवाराशी इमान राखण्याची अपेक्षा करत नाही.

आता मी जे जवळून पाहिले त्याविषयी थोडे लिहिते. लेक आणि जावई दोघेही तिथले नागरिक आहेत आणि दोघांनी टपालाने मतपत्रिका मागवल्या होत्या. पेनसिल्व्हेनियात कोणतेही कारण न देता असे मतदान करता येते. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, दोघे जेवणाच्या टेबलाशी बसले. मतपत्रिकेवरची छोटी लंबगोल चिन्हे पेनाने पूर्ण भरायची, ती घडी करून आधी एका गोपनीयतेच्या पाकिटात घालायची, ते पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून त्याच्यावर सही करायची आणि तारीख टाकायची. आतले पाकीट वापरायचे राहिले तर मत बाद होते, म्हणून लेकीने सूचनांचा कागद दोनदा वाचला. मग तिने आपली मतपत्रिका उचलली आणि ती खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. भांडण नव्हते, रुसवा नव्हता. ‘हे माझे माझे आहे,’ एवढेच ती म्हणाली आणि जावयाने मान हलवली. मी तिला नाव विचारले नाही, तिने सांगितले नाही.

त्याच सुमारास एक जाहिरात तिथे फार गाजत होती. अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स यांच्या आवाजातल्या त्या जाहिरातीत सांगितले होते की मतदान केंद्रात बाई हवे त्याला मत देऊ शकते आणि ते कुणाला कळण्याची गरज नाही. हेतू चांगला होता, पण टेबलावरची ती दोन पाकिटे पाहताना माझ्या मनात आले की लाखो घरांत मतदान केंद्र म्हणजे आता हेच टेबल झाले आहे. अधिकाऱ्यांपासून मत लपवणारे पाकीट सरकार देते. त्याच टेबलाशी बसलेल्या माणसापासून ते लपवायचे असेल, तर बाईला उठून खिडकीशी जावे लागते. हे उठणे माझ्या लेकीला सोपे होते. सगळ्याच घरांत ते इतके सोपे नसणार.

मात्र याच्या उलट टोकालाही जाऊ नये. लेकीच्या शेजारच्या घरापुढील हिरवळीवर ट्रम्प यांच्या नावाची पाटी होती. त्या घरातली साठीच्या पुढची बाई किराणा मालाच्या दुकानात काम करते. कुंपणापाशी बोलताना मी गृहीत धरले होते की पाटी नवऱ्याने लावली असणार. तिने न विचारताच सांगितले की ती तिने स्वतः रोवली आहे. दुकानात रोज अंड्यांच्या आणि मांसाच्या किमतींच्या चिठ्ठ्या तीच बदलते, आणि चार वर्षांत त्या कुठून कुठे गेल्या ते तिला कुणी शिकवायला नको, असे तिचे म्हणणे होते. तिचे निदान मला पटले नाही, कारण महागाई त्या काळात जगभर वाढली होती. पण निदान तिचे स्वतःचे होते. विवाहित महिला अविवाहित महिलांपेक्षा अधिक रिपब्लिकन असतात हे आकडे सांगतात, आणि विवाहित पुरुषही अविवाहित पुरुषांपेक्षा अधिक रिपब्लिकन असतात हेही सांगतात. दुसरे वाक्य सोडून पहिलेच सांगितले, की सगळा दोष नवऱ्याच्या धाकावर जातो आणि त्या बाईच्या डोक्याचा अपमान होतो.

गर्भपाताच्या प्रश्नाबाबत आपल्याकडे सर्वाधिक सोपेपणाने लिहिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल रद्द केला, त्यामुळे बायका एकजुटीने डेमोक्रॅटिक पक्षाकडे जातील, असे भाकीत केले गेले. त्यानंतर दोनच महिन्यांत कॅन्सससारख्या रिपब्लिकन राज्यात गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने सुमारे ५९ टक्के कौल मिळाला, तेव्हा भाकितालाही बळ आले. प्रत्यक्षात या प्रश्नावर स्त्री आणि पुरुष यांच्यातला फरक अनेकांना वाटतो त्यापेक्षा लहान आहे. धर्माचरण आणि पक्ष यांनी पडणारा फरक त्याहून बराच मोठा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिसुरी, ॲरिझोना, नेवाडा आणि मोंटाना या चार राज्यांतल्या मतदारांनी गर्भपाताच्या हक्काचा प्रस्ताव मंजूर केला आणि त्याच मतपत्रिकेवर ट्रम्प यांनाही विजयी केले. हजारो बायकांनी एकाच बैठकीत ही दोन्ही चिन्हे भरली असली पाहिजेत. हक्क प्रस्तावाने राखला, आता किमतींचे बघू, असा तो विचार असू शकतो. तो आपल्याला पटो वा न पटो, त्याला अविचार म्हणता येणार नाही.

तरुण पिढीत हे अंतर वाढते आहे, ही मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. तिशीच्या आतल्या अमेरिकन तरुणी गेल्या दशकभरात स्वतःला अधिक उदारमतवादी म्हणवू लागल्या आहेत, तर तरुण मुलगे त्या दिशेने गेलेले नाहीत, आणि २०२४ मध्ये त्यांच्यातला मोठा गट ट्रम्प यांच्याकडे वळला. ट्रम्प यांनी ऑक्टोबरमध्ये जो रोगन यांच्या पॉडकास्टवर जवळपास तीन तास घालवले, ते याच मुलांसाठी. या मुलांचे शिक्षण, नोकऱ्या आणि एकटेपणा यांच्याकडे कोणत्या पक्षाने किती लक्ष दिले, हा प्रश्न जेंडर गॅपच्या केंद्रस्थानी आहे, आणि ‘बायकांनी पाडले’ म्हणताना तो सरळ नजरेआड होतो. मतदानाच्या उत्साहातही फरक आहे. १९८० पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत मतदान करणाऱ्या बायकांची टक्केवारी पुरुषांपेक्षा जास्त राहिली आहे. जनगणना विभागाच्या पाहणीनुसार २०२० मध्ये ती महिलांत ६८.४ आणि पुरुषांत ६५ टक्के होती.

शेवटी आकड्यांच्या वापराविषयी दोन विनंत्या. २०१६ च्या निवडणुकीनंतर ‘गोऱ्या महिलांपैकी ५२ टक्के ट्रम्प यांच्या बाजूने’ हा एक्झिट पोलचा आकडा जगभर फिरला. पुढे प्यू संशोधन केंद्राने, ज्यांनी खरोखर मतदान केले होते त्यांची नावे मतदारनोंदींशी पडताळून पाहणी केली, तेव्हा तो आकडा ४७ निघाला आणि हिलरी क्लिंटन यांचा ४५. दुसरा आकडा येईपर्यंत पहिल्यावर मते बनून गेली होती. म्हणून आकडा छापताना तो एक्झिट पोलचा आहे की पडताळलेल्या पाहणीचा, हे एका ओळीत नमूद करावे. आणि महिलांचा रकाना छापताना त्याच्या शेजारी त्याच गटातल्या पुरुषांचा रकानाही छापावा, मग तो गट गोऱ्यांचा असो, कृष्णवर्णीयांचा असो, हिस्पॅनिकांचा असो की तिथे स्थायिक झालेल्या आपल्या भारतीयांचा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, कोथरूड, पुणे